भाव छापता, पैसा कुठून आला तेही छापा

मराठी वृत्तपत्रांचे अर्थविषयक संपादक
आणि मराठी वाहिन्यांवरील शेअरबाजाराच्या कार्यक्रमांचे निर्माते यांस,



बाजार आपटला की दुसऱ्या दिवशी आपल्या पानावरचा मथळा ठरलेला असतो : ‘गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी पाण्यात’. बाजार उसळला की तेच कोटी त्यांनी ‘कमावलेले’ असतात. मी सांगलीत करसल्लागार आहे. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणारे शिक्षक, कामगार, द्राक्षबागायतदार, दुकानदार शेअरबाजाराविषयी जे जाणतात, त्यातले बरेचसे मराठी वर्तमानपत्र वाचून आणि मराठी वाहिन्या बघून जाणतात. इंग्रजी अर्थदैनिक त्यांच्या घरी येत नाही आणि भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे आदेश त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून हे पत्र सेबीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आधी त्या लाख कोटींचे बोलू. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागत असताना सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला आणि सुमारे ३१ लाख कोटी रुपये बुडाल्याचे सगळीकडे छापून आले. ७ जूनला सेन्सेक्स विक्रमी पातळीवर बंद झाला. बुडालेले पैसे तीन दिवसांत कोणी परत आणून दिले? कोणीच नाही, कारण तेवढे पैसे कोणाच्या खिशातून गेलेच नव्हते. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले कंपनीचे सगळे शेअर. एखाद्या कंपनीचे एक कोटी शेअर आहेत असे धरा. पंचाहत्तर लाख प्रवर्तकांकडे आहेत, ते विकायला येत नाहीत. उरलेल्या पंचवीस लाखांतले बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या डिमॅट खात्यात पडून आहेत. आज फक्त दोन हजार शेअरची खरेदी-विक्री झाली आणि भाव १०० वरून ११० झाला. उलाढाल दोन लाख वीस हजारांची, आणि कंपनीचे मूल्य वाढले दहा कोटींनी. उतरताना गणित तेच असते, फक्त चिन्ह बदलते.

हे एवढे वाचकाला एकदा नीट समजावून सांगितले तर फुगा कसा तयार होतो याचा निम्मा उलगडा तिथेच होईल. भाव ठरतो तो त्या दिवशी हात बदलणाऱ्या मूठभर शेअरवर. विकायला येणारा माल जितका थोडा, तितका भाव वर ढकलायला लागणारा पैसा थोडा. दलाल स्ट्रीटवर ज्यांना ‘ऑपरेटर’ म्हणतात ते याच मालाच्या शोधात असतात. चार खात्यांतून एकमेकांना विकत भाव वर नेतात, रोज अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाच्या वाढीची कमाल मर्यादा, लागते आणि तीच आपल्याकडे ‘तेजीतला शेअर’ म्हणून बातमी होते.

आणि ज्याला तो शेअर महाग वाटतो, त्याने काय करायचे? आपल्या बाजारात एखादा शेअर जवळ नसताना विकून ती विक्री दिवसापलीकडे उघडी ठेवायची, तर वायद्याचा आधार लागतो आणि वायदे आहेत ते दोनशेच्या आसपास मोठ्या कंपन्यांचे. शेअर उसने घेऊन विकण्याची सोय नियमात आहे, पण छोट्या कंपन्यांच्या बाबतीत ती नावालाच. म्हणजे ज्याला भाव पटत नाही त्याच्यापुढे एकच वाट उरते : गप्प राहून खरेदी न करणे. त्याचे मत भावात उतरतच नाही. छोट्या कंपनीचा भाव हा फक्त आशावाद्यांनी आपसात ठरवलेला भाव असतो. ‘एवढे लोक घेतायत म्हणजे काहीतरी असेल’ असे म्हणणाऱ्या वाचकाला ही गोष्ट आजवर कोणी सांगितलेली नाही.

माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. फुगा फुटला की आपण अग्रलेख लिहिता आणि दोष लोकांच्या हव्यासाला देता. हव्यास तर बारमाही आहे. मंदीतही माणूस हावरट असतो, फक्त त्याच्या हाती पैसा नसतो. फुगा यायला उसना पैसा लागतो, आणि तो पैसा कुठल्या नळातून आला हे शोधणे बातमीदाराचे काम आहे.

मुंबईच्या पहिल्या मोठ्या शेअरवेडाचीच गोष्ट घ्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. इथवरची तेजी खरी होती. मागणी खरी, माल खरा, नफाही खरा. पुढे काय झाले ते महत्त्वाचे. १८६३ साली बँक ऑफ बॉम्बेचा कायदा बदलला. भांडवल चौपट होऊ शकले आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची मुभा मिळाली. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा त्या बँकेत मोठा दबदबा होता. बँक शेअर तारण ठेवून कर्ज देई, त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात, त्यामुळे भाव चढे आणि चढलेल्या भावावर बँक आणखी मोठे कर्ज देई. समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत गेल्याचे त्या काळाच्या नोंदी सांगतात. जमीन अजून पाण्याखालीच होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचा भाव गडगडला. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांचा चुकता करायचा दिवस होता. त्या दिवशी शहरातल्या भल्याभल्या पेढ्यांना देणे भागवता आले नाही. ज्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना आला. पोळलेल्यांत डॉ. भाऊ दाजी लाडही होते. शिलालेख वाचणारा, महारोगावर औषध शोधणारा हा माणूस. त्यांना हावरट किंवा अडाणी म्हणायला कोणाची जीभ रेटेल? आजूबाजूचा प्रत्येक भाव वाढत असताना, बँकेसारखी बँक त्यावर कर्ज देत असताना, शहाण्या माणसालाही तो भाव खराच वाटतो. बँकेने कर्ज दिले हीच त्याला मिळालेली ग्वाही असते.

ती बँक मोडीत निघाली. तिच्या जागी १८६८ साली नवी बँक उभी राहिली, तीच १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि पुढे स्टेट बँकेत गेली. १९९२ साली घोटाळ्याचे भगदाड उघडकीला आले ते त्याच स्टेट बँकेत.

त्या घोटाळ्यातला दलाल हर्षद मेहता याचे नाव आपल्या वाचकाला माहीत आहे, त्याच्यावरच्या मालिकाही त्याने पाहिल्या आहेत. पण त्या वेळी नेमके काय घडले हे मी अनेकांना विचारतो, तेव्हा उत्तर येते, ‘त्याने भाव चढवले.’ कशाने चढवले? बँका एकमेकांत सरकारी रोख्यांचे व्यवहार करत. रोखा प्रत्यक्ष देण्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाचा कागद दिला जाई. मेहतासारखा मधला दलाल एका बँकेचा पैसा घेऊन दुसऱ्या बँकेला पोचवायचा. तो पोचवण्यापूर्वी आपल्या खात्यात फिरवू लागला, आणि काही बँकांनी तर हाती रोखे नसतानाच रिसीटा लिहून दिल्या. त्यांतली एक आमच्या सांगलीच्या शेजारची बँक ऑफ कराड. बँकांचा तो पैसा शेअरबाजारात उतरला. सेन्सेक्सने १५ जानेवारी १९९२ रोजी २,००० ओलांडले आणि ३० मार्चला ४,०००. अडीच महिन्यांत देशातल्या कारखान्यांचे उत्पादन दुप्पट झाले नव्हते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने बँकांच्या अडकलेल्या ४,०२४ कोटींचा हिशेब मांडला. कराडची बँक अवसायनात गेली. तिच्या ठेवीदारांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही शेअर घेतलेला नसेल.

त्या काळात मेहताचा ‘पुनर्उभारणी खर्चाचा सिद्धांत’ वर्तमानपत्रांनी गंभीरपणे छापला होता. जुना कारखाना आज नव्याने उभा करायला जेवढा खर्च येईल तेवढे त्या कंपनीचे मूल्य, असा तो युक्तिवाद. प्रत्येक तेजीला असा एक युक्तिवाद लागतो आणि तो छापायला कोणीतरी मिळते. पण २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात जी बातमी दिली, तिचा रोख भाव का चढले याकडे नव्हता, पैसा कुठून येतो याकडे होता. पत्रकारितेकडून मला जे हवे आहे ते एवढेच आहे, आणि ते मुंबईत एकदा घडले आहे. २००१ साली दलाल केतन पारेखच्या प्रकरणात अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पे-ऑर्डर निघाल्या तेव्हाही पाइप तोच होता, फक्त नळ बदलला होता.

आता सार्वजनिक भागविक्रीकडे येतो. महाराष्ट्रात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या कंपनीला आपल्या भागविक्रीची जाहिरात इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी दैनिकातही द्यावी लागते. म्हणजे आकडे मराठीत आपल्याच पानावर छापलेले असतात. तरी बातमीत मात्र ‘इतके पट भरणा’ आणि ‘ग्रे मार्केटमध्ये इतका प्रीमियम’ एवढेच येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमची १८,३०० कोटींची विक्री झाली. त्यातले ८,३०० कोटी कंपनीला मिळणार होते. उरलेले १०,००० कोटी आधीच्या भागधारकांच्या खिशात जाणार होते. ज्यांनी ती कंपनी वर्षानुवर्षे आतून पाहिली ते विकणारे, आणि ज्यांनी तिचे फक्त ॲप पाहिले ते घेणारे. २,१५० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी १,५६४ च्या आसपास बंद झाला. विकणारा बाहेर पडतोय यात गैर काही नाही. पैसे लावले की कधीतरी काढायचेच असतात. पण विकतोय कोण हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवे होते. ते बहुतेक ठिकाणी शेवटीही आले नाही.

‘इतके पट भरणा’ या आकड्याविषयीही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका दुचाकी विक्रेत्याने १२ कोटींची भागविक्री केली. दोन दालने, आठ कर्मचारी. मागणी आली ४,७०० कोटींहून अधिक. ही बातमी गंमत म्हणून सगळीकडे फिरली. तिच्यातली यंत्रणा कोणी उलगडली नाही : अर्जाचे पैसे खात्यातच गोठवले जातात, थोड्या दिवसांत मोकळे होतात, आणि वाटप चिठ्ठ्या टाकून होणार हे माहीत असल्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज पडतो. मोठ्या रकमेच्या अर्जांसाठी वित्तसंस्था काही दिवसांपुरते कर्ज देत; रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून त्यावर माणशी एक कोटीची मर्यादा घातली. भरण्याचा पट हा कंपनीवरच्या विश्वासाचा आकडा नाही. पहिल्या दिवशी विकून मोकळे होऊ पाहणाऱ्यांची ती रांग असते.

माझ्या टेबलावर जे येते ते आता सांगतो. अलीकडे जुलै महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांतली पोरे विवरणपत्र भरायला येतात तेव्हा त्यांचा साधा पगारदाराचा फॉर्म चालत नाही. त्यांनी ऑप्शनमध्ये सौदे केलेले असतात. कायद्याने तो धंदा धरला जातो आणि आयटीआर-३ भरावा लागतो. एका मुलाचे ब्रोकरचे विवरण मी ओळ न् ओळ पाहिले. तेव्हा गुरुवारी असणाऱ्या एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या दिवशी, दुपारी दोननंतर घेतलेले निफ्टीचे कॉल, काही रुपयांना घेतलेले, साडेतीनला शून्य झालेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, रक्कम जरा मोठी. मधे एका कर्ज देणाऱ्या ॲपचा हप्ता बँकेच्या पासबुकात दिसतो, त्याच दिवशी ट्रेडिंग खात्यात पैसे भरलेले. एकूण तोट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा दलाली, कर आणि शुल्कांत गेलेला होता, म्हणजे सौद्यांत त्याचा नफा-तोटा समसमान सुटला असता तरी तेवढे पैसे गेलेच असते. त्याने मला विचारले, ‘साहेब, हा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा होईल ना?’ होईल, आठ वर्षांपर्यंत पुढे नेता येतो. नफा होईल की नाही, हे कायद्यात लिहिलेले नाही, हे मी त्याला सांगितले.

सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास याच मुलाविषयी आहे. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, सरासरी तोटा खर्चासह माणशी सुमारे दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या पुढे. यातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते. राज्यवार पाहता सर्वांत मोठा हिस्सा महाराष्ट्राचा. २०२३-२४ मध्ये हेच व्यवहार करणाऱ्या दलालांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनी २८,००० कोटी कमावले, बहुतेक संगणकाच्या आज्ञावलीने. इथे ‘बुडाले’ हा शब्द अगदी खरा आहे. हे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, आणि कोणत्या खिशात गेले तेही ठाऊक आहे. ही बातमी आपल्याकडे एक दिवस आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाहिनीवर ‘आज निफ्टीत कोणता कॉल घ्याल?’ पुन्हा सुरू झाले.

वाहिन्यांवर असे सौदे सुचवणाऱ्या पाहुण्यांविषयी बोलताना मला संकोच वाटतो, कारण त्यांतले काही प्रामाणिक आहेत. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका हिंदी वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात कोणता शेअर सुचवणार हे ते आधीच काही जणांना कळवत, ते आधी घेऊन ठेवत आणि प्रेक्षकांनी खरेदी सुरू केली की विकत, असे त्यात म्हटले आहे. प्रेक्षक हाच तिथे शेवटचा खरेदीदार होता. त्याच्याही आधी, काही माध्यमसमूह जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेत होते, तेव्हा २०१० मध्ये असे हितसंबंध वाचकाला सांगावेत असा आग्रह सेबीने धरला होता. आपल्या पानावर अशी एक ओळ मी क्वचितच पाहिली आहे.

आपले म्हणणे मला माहीत आहे. वाचकाला टीप हवी असते, हिशेब नको. पण टिपेची सवय लागली ती रोज टीपच वाढल्यामुळे. सांगलीतला हळदीचा व्यापारी गोदामात किती पोती आहेत, कोणाची आहेत, कोणत्या बँकेला तारण आहेत हे विचारल्याशिवाय भाव बोलत नाही. त्याच व्यापाऱ्याला शेअरच्या बाबतीत हे विचारायचे असते, एवढेच कोणी सांगितलेले नाही.

फुगा कधी फुटणार हे मी आपल्याला विचारत नाही. ते कोणालाच सांगता येत नाही, आणि फुगा आहे हे ज्याला कळते त्यालाही त्यापासून लांब राहणे परवडत नाही. तेजीत बाहेर बसलेल्या फंड व्यवस्थापकाला त्याचे ग्राहक वर्षभरात सोडून जातात. मला हव्या आहेत त्या साध्या, उपलब्ध गोष्टी. लाख कोटी बुडाल्याचा मथळा बंद करा. भागविक्रीच्या बातमीत पहिल्यांदा लिहा की कंपनीला किती मिळणार, विकणाऱ्यांना किती मिळणार आणि अँकर गुंतवणूकदारांना, म्हणजे विक्री खुली होण्याआधी शेअर मिळालेल्या मोठ्या संस्थांना, विकायची मोकळीक कोणत्या तारखांना मिळते. निम्मे शेअर तीस दिवसांनी सुटतात, उरलेले नव्वद दिवसांनी, हे छोट्या गुंतवणूकदाराला कळायलाच हवे. प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवले हे शेअरबाजारांच्या संकेतस्थळावर असते. ज्या कंपनीविषयी लिहाल तिच्या नावापुढे तो टक्का द्या. दलालांकडून उसने घेऊन केलेल्या खरेदीचा, म्हणजे एमटीएफचा, एकूण आकडा बाजार जाहीर करतात. सेन्सेक्सच्या शेजारी तोही छापा. गेल्या दिवाळीला आपण जे शेअर ‘मुहूर्ताचे’ म्हणून सुचवले, त्यांचे या दिवाळीला काय झाले याचा तक्ता द्या, चांगले-वाईट सगळे. आणि पाहुण्याच्या नावाखाली त्याची सेबी नोंदणी आणि त्याची स्वतःची गुंतवणूक लिहा.

आणखी एक. मार्च २०२४ पासून म्युच्युअल फंडांना दर महिन्याला जाहीर करावे लागते की मिडकॅप आणि स्मॉलकॅप योजनांतले पाव आणि निम्मे शेअर विकायला किती दिवस लागतील. काही मोठ्या स्मॉलकॅप योजनांना निम्म्यासाठी महिन्याहून जास्त दिवस लागतील असे पहिल्याच वेळी दिसले होते. ज्यांची एसआयपी अशा योजनांत चालू आहे, ती माझ्याकडे येणारी माणसे हा आकडा कधी पाहत नाहीत, कारण तो इंग्रजीत, संकेतस्थळाच्या आत कुठेतरी असतो. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आपल्या अर्थ-पानावर चौथाई जागेत तो तक्ता मराठीत बसतो. तो तयार करून देण्याचे काम मी कोणतेही मानधन न घेता करायला तयार आहे. येत्या महिन्यापासून सुरुवात करता येईल का, एवढे कळवावे.



आपला,
सांगलीतला एक करसल्लागार आणि आपला जुना वाचक